प्लेटलेट्स मोजून भागत नाही

गणपती येतात तोवर डेंग्यूचे रुग्ण वाढू लागलेले असतात आणि दिवाळीपर्यंत घराघरांत एकच प्रश्न फिरत राहतो: आज प्लेटलेट्स किती? सकाळचा रिपोर्ट मोबाइलवर येतो, तिथून काका-मामांच्या ग्रुपवर जातो. कालचे ८०,००० आज ४२,००० झालेले दिसले की कुणी पपईची पानं शोधायला निघतं, कुणी किवी आणतं, कुणी बकरीचं दूध, कुणी रक्तदात्यांना फोन लावत सुटतं. या धावपळीमागे जी समजूत आहे तिच्याविरुद्ध मला लिहायचं आहे. प्लेटलेट्सचा आकडा म्हणजेच रुग्णाची प्रकृती, आकडा घसरला की रक्तस्राव होणार आणि वर आणला की रुग्ण वाचणार, अशी ती समजूत. ती चुकीची आहे. फक्त घरच्या मंडळींची असती तर शांतपणे समजावून भागलं असतं. पण पपईच्या पानांच्या अर्काच्या गोळ्या विकणारे तिच्यावर धंदा करतात, आणि काही डॉक्टरही ‘नातेवाईक ऐकतच नाहीत’ असं म्हणत तिच्यापुढे हात टेकतात. म्हणून तिला मुद्द्याने मुद्दा खोडून उत्तर द्यायला हवं.

समोरची बाजू मी हलकी करून मांडणार नाही. रक्त थांबवणं हे प्लेटलेट्सचं काम. निरोगी माणसाच्या रक्तात त्या दर मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख असतात. डेंग्यूत त्या २०,०००वर, कधी १०,०००च्याही खाली येतात. काम करणारेच उरले नाहीत तर काम होणार कसं? शिवाय हा आकडा काही तासांत मिळतो, कुणालाही वाचता येतो, आणि हवालदिल झालेल्या घराला धरायला काहीतरी हाती लागतं. ही शेवटची गोष्ट मला पूर्ण पटते. पण आधीच्या युक्तिवादात एक गृहीतक दडलेलं आहे: प्रत्येक प्लेटलेट सारखीच, सदैव सज्ज, आणि फाटलेल्या जागी जाऊन बसणं एवढंच तिचं काम. १८८२ साली इटलीत ज्युलिओ बिझ्झोझेरोने जिवंत प्राण्याच्या रक्तवाहिनीत हे कण जखमेपाशी गोळा होताना पाहिले, तेव्हा त्यांच्या आत काय चालतं हे पाहण्याचं साधन त्याच्याकडे नव्हतं. त्या काळी हे गृहीतक खपलं असतं. आज खपता कामा नये.

प्लेटलेट अस्थिमज्जेतल्या मेगाकॅरिओसाइट नावाच्या महाकाय पेशीपासून सुटून येते. व्यास दोन-तीन मायक्रोमीटर, केंद्रक नाही, आयुष्य सात ते दहा दिवस. त्यातला बहुतेक वेळ ती काहीही न करता वाहत असते, आणि हे काहीही न करणंसुद्धा कुणीतरी घडवून आणत असतं. रक्तवाहिनीचं अस्तर सतत प्रोस्टासायक्लिन आणि नायट्रिक ऑक्साइड सोडत राहतं. प्रोस्टासायक्लिनमुळे प्लेटलेटच्या आत अ‍ॅडेनिलेट सायक्लेज हे एन्झाइम चालू राहतं, ते सायक्लिक एएमपी बनवतं आणि त्या रेणूमुळे पेशी शांत राहते. अस्तरावरचं सीडी३९ हे आणखी एक एन्झाइम जवळपास सांडलेलं एडीपी तोडून टाकतं, म्हणजे चुकून निघालेली हाक पुढे पोचत नाही.

अस्तर फाटलं की खालचं कोलॅजेन उघडं पडतं. वॉन विलिब्रांड फॅक्टर हे प्रथिन धावत्या प्लेटलेटला अडवतं, कोलॅजेन तिच्या ग्राहीला भिडतं आणि आत कायनेज कुळातली एन्झाइम्स एकामागून एक जागी होतात. त्यांच्या इशाऱ्यावर फॉस्फोलायपेज सी पेशीपटलातला एक मेदरेणू तोडतं, त्याच्या एका तुकड्यामुळे आतल्या साठ्यातलं कॅल्शियम मोकळं होतं. कॅल्शियम वाढलं की फॉस्फोलायपेज ए२ पटलातून अ‍ॅराकिडोनिक आम्ल सोडवतं, सायक्लोऑक्सिजनेज-१ त्यावर प्रक्रिया करतं, थ्रॉम्बॉक्सेन सिंथेज शेवटचा हात फिरवतं आणि थ्रॉम्बॉक्सेन ए२ तयार होतं. हा रेणू इतका अल्पजीवी की अर्ध्या मिनिटात त्यातला निम्मा संपतो. तेवढ्यात तो बाहेर पडून शेजारच्या प्लेटलेटला उठवतो. सोबत कणिकांमधलं एडीपी बाहेर फेकलं जातं. ते शेजारणीच्या पी२वाय१२ ग्राहीवर बसून सायक्लिक एएमपीचा अटकाव सैल करतं. या साऱ्या निरोपानिरोपीचा शेवट होतो तो प्लेटलेटच्या पृष्ठभागावरच्या इंटेग्रिन अल्फा-२बी-बीटा-३ या प्रथिनावर. एकेका प्लेटलेटवर याचे सुमारे ८०,००० रेणू असतात, पण हाक येईपर्यंत सगळे मिटलेले. हाक आली की ते उघडतात, फायब्रिनोजेनला धरतात, आणि एक प्लेटलेट दुसरीला बांधली जाते.

रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीचं, म्हणजे सीबीसीचं, यंत्र यातलं काय पाहतं? बहुतेक यंत्रं कणाचं आकारमान पाहतात. ठरावीक मापात बसला की ती प्लेटलेट. तिची एन्झाइम्स चालू आहेत की बंद, ती हाकेला ओ देते की नाही, याची एक अक्षरानेही नोंद होत नाही.

आकडा आणि काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत याचा पुरावा शोधायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेलं, रोज ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन घेणारं एखादं माणूस अनेक घरांत असतं. त्यांचा रिपोर्ट काढून पाहा, प्लेटलेट्स अडीच लाख असतील, अगदी नॉर्मल. तरीही त्यांच्या प्लेटलेट्समध्ये थ्रॉम्बॉक्सेन तयार होणं ९५ टक्क्यांहून जास्त घटलेलं असतं. दाढी करताना कापलं तर रक्त थांबायला वेळ लागतो तो म्हणूनच. अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाही हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली लंडनमध्ये दाखवलं, आणि १९८२ साली त्यांना नोबेल मिळालं. १९७५ साली अमेरिकेत रॉथ आणि मेजेरस यांनी नेमकी जागा दाखवली: अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅसिटिलची शेपटी सायक्लोऑक्सिजनेजला कायमची चिकटते आणि एन्झाइमचं दार बंद होतं. शरीरातल्या इतर पेशी नवं एन्झाइम बनवून मोकळ्या होतात. प्लेटलेटला केंद्रक नाही, त्यामुळे तिची ती हानी आयुष्यभराची. रोज सुमारे एक दशांश प्लेटलेट्स नव्या येतात, तेवढाच काय तो फरक पडतो. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आयसिस-२ या चाचणीत हृदयविकाराच्या झटक्याचा संशय असलेल्या १७,१८७ रुग्णांची पाहणी झाली. महिनाभर रोज १६० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी घटले. प्लेटलेटच्या एका एन्झाइमला कुलूप घालून इतके जीव वाचले, आणि हे साधायला प्लेटलेट्स कमी कराव्या लागल्या नाहीत. ज्या घरात वडिलांसाठी हे औषध रोज येतं, त्याच घरात मुलाच्या डेंग्यूत फक्त आकड्यावरून डोळा हलत नाही.

उलटी उदाहरणंही आहेत. स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड ग्लान्झमान यांनी १९१८ साली रक्तस्रावाचा एक आनुवंशिक विकार नोंदवला. तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. यात वर सांगितलेलं इंटेग्रिन जन्मतःच नसतं किंवा निकामी असतं. मुलाच्या नाकातून रक्त वाहत राहतं, मुलगी वयात येते तेव्हा पाळीतला रक्तस्राव जिवावर बेतू शकतो, आणि प्लेटलेट्सचा आकडा मात्र नॉर्मल. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्थेत अशा रुग्णांचं निदान होतं. फक्त आकड्यावर विसंबलं तर यांच्यातलं एकही मूल सापडणार नाही. दुसऱ्या टोकाला पश्चिम बंगालमधले धडधाकट रक्तदाते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी २००२ साली नोंदवलं की यांच्यातल्या अनेकांच्या प्लेटलेट्स दीड लाखांच्या बऱ्याच खाली असतात, पण आकाराने मोठ्या असतात, आणि त्यांना रक्तस्रावाचा काहीही त्रास नसतो. ज्यांचा आकडा पुरा त्यांचं रक्त थांबत नाही आणि ज्यांचा अपुरा ते रक्तदान करून घरी जातात, एवढं समोर असताना आकड्यालाच सर्वस्व मानायचं कशाच्या जोरावर?

‘पण २०,०००ची मर्यादा पुस्तकात आहे’ असं उत्तर येतं. ती कुठून आली ते पाहू. १९६२ साली गेडॉस, फ्रायराइक आणि मँटेल यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांमधल्या प्लेटलेट्सचा आणि रक्तस्रावाचा संबंध तपासला. आकडा घटला तसा रक्तस्राव वाढला हे खरं, पण अमुक आकड्याखाली धोका असं म्हणण्याजोगा टप्पा त्यांना सापडला नव्हता. तरी २०,०००चा नियम पुढच्यांनी त्यावर उभा केला. त्यातही लक्षात ठेवायची गोष्ट अशी की त्या काळी ताप उतरवायला अ‍ॅस्पिरिन सर्रास दिली जाई, ती प्लेटलेटचं काय करते हे कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे ज्या निरीक्षणांतून हा आकडा जन्मला, त्यांतल्या प्लेटलेट्स कमी होत्याच, पण अनेकांच्या बाबतीत एन्झाइम बंद पडलेल्याही असणार. २०१० साली अमेरिकेतल्या १,२७२ रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. तीही कर्करोगाचे उपचार आणि मज्जा प्रत्यारोपण चाललेल्या रुग्णांवरचीच. आकडा ५,००० किंवा त्याखाली होता त्या दिवसांपैकी २५ टक्के दिवशी दखल घेण्याजोगा रक्तस्राव झाला. आकडा ६,००० ते ८०,०००च्या दरम्यान होता तेव्हा १७ टक्के दिवशी. ६,००० आणि ८०,००० एकाच गटात! या संपूर्ण पट्ट्यात आकड्याने रक्तस्रावाचं भाकीत करता येत नाही, आणि आपण नेमक्या याच पट्ट्यात रात्री जागवतो.

हे सगळं मज्जा बंद पडलेल्या रुग्णांबद्दल झालं, आणि त्यांना रक्तस्राव होण्याआधीच प्लेटलेट्स देण्याचा उपयोग होतो. २०१३च्या एका चाचणीत प्लेटलेट्स दिलेल्यांत ४३ टक्क्यांना रक्तस्राव झाला, न दिलेल्यांत ५० टक्क्यांना. डेंग्यूची गोष्ट वेगळी आहे. सिंगापूर आणि मलेशियातल्या रुग्णालयांत ३७२ प्रौढ रुग्णांवर झालेली चाचणी २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. सगळ्यांच्या प्लेटलेट्स २०,००० किंवा त्याखाली, पण ठळक रक्तस्राव नाही. निम्म्यांना प्लेटलेट्स चढवल्या, निम्म्यांना नाही. रक्तस्राव झाला तो २१ आणि २६ टक्क्यांना, आणि हा फरक योगायोगापलीकडचा म्हणता येईल इतका नव्हता. अपाय मात्र चढवलेल्या गटात १३ आणि न चढवलेल्यांत २. या अपायांत पुरळ-खाजेपासून फुप्फुसांच्या गंभीर त्रासापर्यंत सारं होतं. आपल्याकडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही रक्तस्राव नसलेल्या रुग्णाला केवळ आकडा २०,०००खाली आला म्हणून प्लेटलेट्स द्यायला सांगत नाहीत.

असं का व्हावं, याचं उत्तर पुन्हा पेशीच्या आतच आहे. डेंग्यूत प्लेटलेट्स नुसत्या कमी बनतात असं नाही, त्या नको तिथे, नको तेव्हा जाग्या केल्या जातात. विषाणूचं एनएस१ हे प्रथिन (हेच आपण पहिल्या दिवसांत तपासतो) प्लेटलेटच्या टीएलआर४ ग्राहीला चिकटून तिला उठवतं, असं तैवानमधल्या संशोधकांनी २०१९ साली दाखवलं. उठलेली प्लेटलेट वापरली जाते, गिळली जाते. ब्राझीलमधल्या गटाने २०१३ साली आणखी गंभीर गोष्ट मांडली: डेंग्यूतल्या प्लेटलेट्समध्ये इन्फ्लमासोम हा दाह पेटवणारा प्रथिनसमूह जागा होतो, त्यातलं कॅस्पेज हे एन्झाइम इंटरल्युकिन-१ बीटा तयार करतं, आणि हा निरोप रक्तवाहिनीच्या अस्तराला झिरपायला लावतो. डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुधा या झिरपण्याने. रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर जातं, रक्तदाब कोसळतो, अवयवांना रक्त मिळेनासं होतं. मोठा रक्तस्रावही बहुतेकदा या लांबलेल्या शॉकच्या मागून येतो. अशा शरीरात दुसऱ्या कुणाच्या प्लेटलेट्स ओतल्या तर त्यांनाही तेच प्रथिन भेटणार. दुसऱ्या दिवशी आकडा पुन्हा खाली आला की नातेवाईक विचारतात, ‘कालची पिशवी कुठे गेली?’

आता पपई. इथे माझा विरोध वनस्पतीला नाही. २०१३ साली मलेशियात २२८ रुग्णांवर चाचणी झाली, पानांचा रस घेणाऱ्यांचा आकडा चाळीस तासांनी लक्षणीय वाढला होता. त्यांच्या रक्तात १२-लायपॉक्सिजनेज या प्लेटलेटमधल्या एन्झाइमच्या जनुकाची हालचालही वाढलेली दिसली. विक्रेते हेच पुढे करतात. पण जनुकाचा संदेश वाढला म्हणजे एन्झाइमचं काम वाढलं असं होत नाही, आणि वाढलेल्या प्लेटलेट्स एकमेकींना धरतात का हे तिथे मोजलेलं नाही. कोणाला रस मिळतोय हे रुग्णाला आणि डॉक्टरांना दोघांनाही माहीत होतं. मुख्य म्हणजे डेंग्यूत आठवड्याच्या सुमारास आकडा आपणहून चढू लागतो. रसाने तो एखादा दिवस आधी चढला असं मान्य केलं, तरी त्याने रक्तस्राव कमी झाला, शॉक टळला, मृत्यू घटले, यातलं काहीही सिद्ध झालेलं नाही. आणि उलट्यांनी बेजार झालेल्या रुग्णाच्या घशाखाली तो कडू रस घालण्यापेक्षा तेवढी भाताची पेज किंवा ओआरएस पोटात टिकणं मोलाचं आहे.

मला सर्वांत जास्त चीड येते ती पुढच्या गोष्टीची. तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, डेंग्यूचं निदान व्हायच्या आधीच, अंगदुखी असह्य म्हणून रुग्ण दुकानातून आयब्युप्रोफेन असलेली गोळी आणतो, किंवा कोपऱ्यावरच्या दवाखान्यात कंबरेत डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन घेतो. ही औषधं प्लेटलेटच्या त्याच सायक्लोऑक्सिजनेजला बंद करतात. अ‍ॅस्पिरिनसारखी कायमची नाही, काही तासांसाठी, पण ती दिवसातून दोन-तीनदा घेतली जातात. वर जठराच्या अस्तराचं संरक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिन्सही ती घटवतात, म्हणजे रक्तस्रावाची जागा तयार होते ती वेगळीच. मग आकडा येतो आणि सारं घर पपईमागे धावतं. विहिरीवर चार पंप आहेत की पाच यावर वाद घालायचा आणि वीज आपणच तोडून ठेवायची, असं हे आहे. जागतिक आरोग्य संघटना वर्षानुवर्षं सांगते आहे: डेंग्यूचा संशय असताना तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही प्रमाणात, अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन आणि त्या कुळातलं काही नको, स्नायूत टोचायचं इंजेक्शन नको. प्लेटलेटच्या कामाला धरून असलेला आणि फुकटात पाळता येणारा हा एकमेव सल्ला, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पपईइतका तो फिरताना मी कधी पाहिलेला नाही.

‘मग काय, आकडा बघायचाच नाही?’ असा प्रश्न येईल. बघायचा. हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) चढत असताना प्लेटलेट्स झपाट्याने घसरल्या तर ती झिरपण सुरू झाल्याची खूण असते. तिथे तो आकडा इशारा म्हणून कामाचा आहे, उपचाराचं लक्ष्य म्हणून नाही. आणि तो खरा आहे का हेही बघायचं. ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन घातलेल्या नळीत काहींच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात आणि यंत्र त्यांना धरतच नाही, मोठ्या आकाराच्या प्लेटलेट्स गणतीतून निसटतात. काचपट्टीवर डोळ्यांनी पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत अशा वेळी यंत्रापेक्षा वजनदार असतं. रक्त प्रत्यक्ष वाहत असेल, शस्त्रक्रिया करावी लागणार असेल, तर प्लेटलेट्स जरूर द्याव्यात.

डॉक्टरांची अडचण मी जाणतो. पिशवी दिली नाही आणि काही बरंवाईट झालं तर जमाव जाब विचारतो, दिली तर कुणी विचारत नाही. पण हा दबाव दर मोसमात मानत गेल्यानेच तो वाढला. प्लेटलेट्स २० ते २४ अंश तापमानाला, सतत हलवत ठेवाव्या लागतात, आणि आपल्या रक्तपेढ्यांत त्या पाच दिवस टिकतात. साठा करून ठेवता येत नाही. ज्या आठवड्यात डेंग्यूच्या रुग्णांसाठी दात्यांची पळवापळव चालते, त्याच आठवड्यात ल्युकेमियाच्या मुलाचे आईवडील त्याच रक्तपेढीच्या दारात उभे असतात, आणि त्या मुलाची मज्जा खरोखर बंद असते. एसडीपीच्या, म्हणजे एकाच दात्याकडून काढलेल्या प्लेटलेट्सच्या, एका पिशवीला हजारो रुपये मोजणाऱ्या कुटुंबाला हे कुणीतरी सांगायला हवं, आणि ते डॉक्टरांखेरीज कोण सांगणार?

नातेवाइकांनी विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. हिमॅटोक्रिट कालपेक्षा वाढला का? गेल्या सहा तासांत लघवी किती झाली? रक्तदाबाच्या वरच्या आणि खालच्या आकड्यांतलं अंतर २०पर्यंत आलं आहे का? पोट सतत दुखतंय का, उलट्या थांबत नाहीत का, माणूस सुस्त किंवा अस्वस्थ झालाय का, हिरड्यांतून किंवा शौचातून रक्त येतंय का? ताप उतरल्यानंतरचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास हे प्रश्न सर्वांत नेटाने विचारावेत, कारण झिरपण तेव्हाच जोर धरते आणि घरचे नेमके तेव्हाच निर्धास्त होतात. तापाच्या पहिल्या दिवसापासून पोटात गेलेल्या प्रत्येक गोळीचं पाकीट सोबत न्यावं. आणि इंजेक्शन कशाचं आहे, ते सुई टोचण्याआधी विचारावं.